सातबारा ते स्टडी परमिट: मराठवाड्यातल्या घरातून कॅनडाची फाइल कशी उभी करावी

कॅनडाच्या स्टडी परमिटसाठी बहुतेक वेळा मुलाखत होत नाही. निर्णय घेणारा अधिकारी तुम्हाला कधीच भेटत नाही. गावात तुमच्या वडिलांच्या शब्दाला किती किंमत आहे हे त्याला ठाऊक नसतं, आणि सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे एकरकमी येतो हेही नसतं. त्याच्यासमोर असतात ते फक्त तुम्ही अपलोड केलेले कागद. आपल्याकडच्या मुलांचे मार्क चांगले असतात, इंग्रजीही मेहनतीने जमलेलं असतं, तरी फाइल परत येते. कारण घरातला पैसा कुठून आला आणि हा कोर्स नेमका कशासाठी, याचा मेळ कागदावर लागत नाही. म्हणून या लेखात मी सगळ्यात जास्त जागा पैशाच्या कागदांना दिली आहे. आकडे कॅनडा सरकार दरवर्षी बदलतं, तेव्हा अर्ज भरण्याच्या दिवशी ते आयआरसीसीच्या, म्हणजे त्यांच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर पुन्हा तपासून घ्या.

आधी पासपोर्ट आणि नावं

पासपोर्ट नसेल तर प्रवेशाचा अर्ज करण्याआधी काढा. असेल तर त्याची मुदत बघा. स्टडी परमिट साधारणपणे कोर्सचा काळ अधिक ९० दिवस इतका मिळतो, पण पासपोर्टच्या मुदतीपलीकडे मिळत नाही. दोन वर्षांच्या कोर्सला निघालात आणि पासपोर्टला वर्षच उरलं असेल, तर नूतनीकरण इथेच उरका.

नावाची भानगड आपल्याकडे घरोघरी आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर वेगळा क्रम. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव ‘रामराव’, पॅनवर ‘रामा’. इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक कागदावर निराळं. पैसे वडिलांचे दाखवणार असाल, तर सातबाऱ्यावरचा माणूस आणि बँक खात्यावरचा माणूस एकच आहे हे सिद्ध व्हायला हवं. किरकोळ फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र जोडा. फरक मोठा असेल तर राजपत्रात नावबदल करून घ्या. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिलं.

जिल्ह्यांच्या नावांचंही तसंच. गुणपत्रिकेवर औरंगाबाद, नव्या आधारवर छत्रपती संभाजीनगर. जुन्या कागदांवर उस्मानाबाद, नव्यांवर धाराशिव. ही नावं २०२३ मध्ये बदलली, हे आपल्या पत्रात एका ओळीत लिहून टाका. ओटावातल्या किंवा दिल्लीतल्या अधिकाऱ्याने ते ताडून घ्यावं अशी अपेक्षा ठेवू नका.

कोर्स निवडताना

संस्था डीएलआयच्या यादीत, म्हणजे परदेशी विद्यार्थी घ्यायला मान्यता असलेल्या संस्थांच्या यादीत हवी. तेवढ्यावर थांबू नका. शिक्षणानंतर काम करायची परवानगी, म्हणजे पीजीडब्ल्यूपी, प्रत्येक डीएलआयमधून मिळत नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटसाठी अर्ज करणाऱ्यांना पदवीखालच्या डिप्लोमा-सर्टिफिकेट कोर्सवर विषयाचीही अट आहे. मास्टर्स केलं तर कोर्स दोन वर्षांपेक्षा कमी असला तरी तीन वर्षांची परवानगी मिळू शकते. नुसता ‘कॅनडात प्रवेश मिळाला’ म्हणून कुठल्याही खासगी कॉलेजात पैसे भरले, तर शिक्षण संपल्यावर कर्ज फेडायचा रस्ताच बंद होतो.

कोर्स तुमच्या आजवरच्या शिक्षणाच्या पुढचा असावा. मेकॅनिकलचा बी.ई. झालेला मुलगा हॉटेल व्यवस्थापनाचा एक वर्षाचा डिप्लोमा घेऊन अर्ज करतो, तेव्हा अधिकाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की हा शिकायला येतोय की नुसता यायला? उलट, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून फूड टेक्नॉलॉजी केलेली मुलगी गेल्फ विद्यापीठात अन्नविज्ञानाचं मास्टर्स करायला निघाली, तर त्या फाइलमधला दुवा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

इंग्रजीच्या परीक्षेबद्दल एवढंच, की आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो आणि किती बँड हवेत ते मुख्यतः विद्यापीठ ठरवतं. जलद प्रक्रियेची एसडीएस योजना ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली, आता सगळे एकाच रांगेत आहेत. कुणी अजून ‘एसडीएसमधून लवकर करून देतो’ म्हणत असेल, तर तिथून उठा.

प्रवेशपत्र आणि प्रांताचं पत्र

प्रवेश मिळाला की दोन कागद लागतात. एक विद्यापीठाचं प्रवेशपत्र. दुसरं, ज्या प्रांतात शिकणार त्याचं अटेस्टेशन लेटर, ज्याला सगळे पॅल म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने विद्यार्थिसंख्येवर मर्यादा आणली तेव्हापासून हे पत्र आलं. ते विद्यापीठामार्फत मिळतं आणि बहुतेक ठिकाणी आधी ठरावीक अनामत भरावी लागते. क्युबेकला जाणाऱ्यांना सीएक्यू हा त्यांच्या प्रांताचा वेगळा परवाना काढावा लागतो. १ जानेवारी २०२६ पासून सरकारी विद्यापीठात मास्टर्स किंवा पीएच.डी. करणाऱ्यांना पॅलची गरज उरलेली नाही. ही मोठी सवलत आहे, आणि पदवीनंतर जाणाऱ्या आपल्या मुलांना तिचा थेट फायदा आहे.

२०२३ मध्ये पंजाबातून गेलेल्या अनेक विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रं बनावट असल्याचं उघडकीला आलं. मुलं तिकडे शिकून कामाला लागली होती आणि मग त्यांच्यावर देश सोडायची वेळ आली. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्र थेट संस्थेकडून पडताळलं जातं. तुम्हीही पत्र हातात आल्यावर विद्यापीठाच्या अधिकृत ईमेलवर स्वतः विचारून खात्री करा.

पैसा: फाइल इथेच टिकते किंवा पडते

किती दाखवायचा? पहिल्या वर्षाची फी, प्रवासखर्च आणि राहण्या-खाण्याचे एकट्या विद्यार्थ्यासाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर. हा शेवटचा आकडा १ सप्टेंबर २०२५ पासूनचा, क्युबेक सोडून बाकी प्रांतांसाठी. रुपयांत साधारण १४-१५ लाख. फी वेगळी. मास्टर्सला सगळं मिळून पहिल्या वर्षालाच ३०-४० लाखांचा हिशेब सहज होतो.

राहण्याचे पैसे दाखवायचा सरळ मार्ग म्हणजे जीआयसी. मान्यताप्राप्त कॅनेडियन बँकेत रक्कम आधीच ठेवायची. तिकडे पोचल्यावर थोडी एकदम आणि बाकी हप्त्याहप्त्याने परत मिळते. एसडीएस बंद झाल्यावर जीआयसी सक्तीची नाही, तरी मी ती करण्याचा आग्रह धरेन. पैसे खरोखर तुमच्या नावाने कॅनडात आहेत, याहून स्वच्छ पुरावा नाही.

आता जमीन. ‘आमची बारा एकर आहे, किंमत कोटीच्या वर’ असं घरातले अभिमानाने सांगतात. फाइलमध्ये मात्र जमिनीची किंमत फीच्या जागी मोजली जात नाही, कारण ती उद्या विद्यापीठाला भरता येत नाही. जमिनीचा उपयोग दुसरीकडे आहे: घरात दरवर्षी उत्पन्न येतं हे ती दाखवते आणि तुमची मुळं इथे आहेत हेही सांगते. सातबारा आणि आठ-अ डिजिटल सहीचेच काढा, महाभूमीवर ऑनलाइन मिळतात.

कर्जाच्या वेळीही शेती आड येते. सरकारी बँका साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय शैक्षणिक कर्ज देतात. त्यावर तारण लागतं आणि शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत, कारण कर्ज थकलं तर सरफेसी या बँकांच्या वसुलीच्या कायद्याखाली शेतजमिनीवर कारवाई करता येत नाही. एनए प्लॉट, शहरातलं घर, मुदत ठेव, विमा पॉलिसी चालते. गावठाणातल्या घराचा फक्त ग्रामपंचायतीचा नमुना आठ असेल तर बँक कां-कूं करते. स्वामित्व योजनेत मोजणी होऊन मिळालेली सनद, म्हणजे मालमत्ता पत्रक, असेल तर बोलणं पुढे सरकतं. मामाचा किंवा काकांचा प्लॉट तारण ठेवायचा ठरला असेल, तर भाऊकीत ते आधीच नीट बोलून घ्या. मंजुरीच्या आदल्या आठवड्यात कुणी माघार घेतली की सगळं अडतं. खासगी वित्तसंस्था तारणाशिवाय देतात, पण व्याज चढं असतं. बँकेचं मंजुरीपत्र आलं की त्यावरच्या अटी वाचा. ‘तारणाची पूर्तता झाल्यावर’ असं लिहिलेलं पत्र अर्धवट आहे; अर्जाला पक्की मंजुरी जोडा, आणि शक्य असेल तर पहिला हप्ता विद्यापीठाला गेल्याची पावतीही. बँकेच्या कर्जातून पाठवलेल्या फीवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना आधीच कापला जाणारा कर, कापला जात नाही.

शेतीचं उत्पन्न कसं दाखवायचं ते एका उदाहरणात बघू. समजा, नांदेड जिल्ह्यातल्या एका घरात ४० क्विंटल सोयाबीन झालं, मोंढ्यावर ४,४०० रुपये भाव लागला, म्हणजे १,७६,०००. हमाली-तोलाई वजा जाता १,७४,००० हातात आले. आता फाइलमध्ये आडत दुकानाची पट्टी हवी, आणि तीच रक्कम त्याच आठवड्यात वडिलांच्या खात्यावर जमा झालेली दिसायला हवी. ऊस असेल तर कारखान्याच्या बिलाची आणि खात्यावरच्या जमेची अशीच जोडी लावा. कापूस, हळद, दूध सगळ्याला हाच नियम. आडत्याने रोख दिले आणि ते कपाटात राहिले, तर कागदापुरतं ते उत्पन्न झालंच नाही. म्हणून जायच्या दोन हंगाम आधीपासून सगळा व्यवहार खात्यावरून करा. वर्षभराच्या अशा नोंदींचा एक पानी तक्ता करा: तारीख, पीक, पट्टी क्रमांक, रक्कम, बँक पासबुकातली ओळ. अधिकाऱ्याला पन्नास पानं चाळण्याऐवजी हे एक पान पुरतं.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून कित्येक घरांत विवरणपत्रच भरलेलं नसतं. करमुक्त उत्पन्नही विवरणपत्रात दाखवता येतं. ते पाच हजारांच्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं असली की बँकही ऐकते आणि व्हिसा अधिकारीही.

एक विसंगती मात्र फार घात करते. शिष्यवृत्तीसाठी तहसीलमधून काढलेला ९० हजारांचा उत्पन्नाचा दाखला एका बाजूला, आणि वडिलांच्या खात्यात ३५ लाख दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकाच फाइलमध्ये गेले की अधिकाऱ्याचा तुमच्या एकाही कागदावर विश्वास राहत नाही. दाखला खऱ्या उत्पन्नाचाच काढा, मग तो कुठेही लावताना पोटात गोळा येणार नाही.

तसंच अर्जाच्या आधी पाहुण्यारावळ्यांकडून पैसे गोळा करून खातं फुगवणं. यादीत चार महिन्यांचे बँक स्टेटमेंट मागितलेले असतात. मी वर्षाचे द्या म्हणेन. अचानक आलेली मोठी रक्कम असेल तर तिचा उगम सांगणारा कागद हवाच: प्लॉट विकला तर खरेदीखत, मुदत ठेव मोडली तर बँकेची पावती, मामाने दिले तर मामाचं पत्र, त्यांचं स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा. सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट जोडायला हरकत नाही, यूडीआयएन, म्हणजे ऑनलाइन पडताळता येणारा क्रमांक, असलेलंच घ्या. पण त्यावर विसंबू नका, ते रोख पैशाची जागा घेत नाही.

शिष्यवृत्त्यांकडेही वेळेत बघा. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी आहे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमातींबरोबरच भूमिहीन शेतमजुरांची मुलंही बसतात, हे आपल्या भागात फार कमी घरांना माहीत आहे.

मराठी कागदांचं इंग्रजी

सातबारा, आठ-अ, आडत पट्टी, ग्रामपंचायतीचा उतारा: जे इंग्रजीत नाही त्याचं भाषांतर लागतं. भाषांतरासोबत मूळ कागदाची प्रत आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र द्या. तुम्ही स्वतः किंवा घरातल्या कुणी केलेलं भाषांतर चालत नाही. भाषांतर आल्यावर गट क्रमांक, क्षेत्र आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी ताडून बघा.

आपलं म्हणणं मांडणारं पत्र

याला कुणी एसओपी म्हणतं, कुणी लेटर ऑफ एक्स्प्लनेशन. दीड-दोन पानं बस झाली. हाच कोर्स का, हेच विद्यापीठ का, भारतात तसा कोर्स का घेतला नाही, पैसे कुठून, आणि परत येऊन काय. कायद्याने अधिकाऱ्याला खात्री पटायला हवी की मुदत संपल्यावर तुम्ही कॅनडा सोडाल. नुसतं ‘मला देशसेवा करायची आहे’ लिहून ती पटत नाही. हळदीचं उदाहरण घ्या. वसमतच्या हळदीला जीआय मानांकन आहे, आणि घरची हळद असलेली मुलगी प्रक्रिया आणि निर्यातीचं तंत्र शिकून इथे काय उभं करणार हे दोन परिच्छेदांत, यंत्र-बाजार-खर्चासह लिहू शकते. अभियांत्रिकीच्या मुलाने शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात आपल्या विषयाचे कोणते उद्योग आहेत आणि तिथे कुठली पदं असतात हे शोधून लिहावं.

शिक्षणातली खंड दडवू नका. आपल्याकडे पदवीनंतर दोन-तीन वर्षं एमपीएससी करणारी मुलं कमी नाहीत. ती वर्षं वाया गेली असं अधिकारी मानत नाही, पण मोकळी सोडलीत तर प्रश्न उभा राहतो. परीक्षेचं हॉल तिकीट आणि क्लासची पावती जोडा आणि मार्ग का बदलला ते साध्या शब्दांत लिहा. पत्र इंटरनेटवरून उचललेलं किंवा एजंटाने शंभर जणांना दिलेलं असेल, तर ते ओळखू येतं. आधी मराठीत लिहून काढा. जे मराठीत पटत नाही ते इंग्रजीत पटणार नाही.

अर्ज भरणं

आयआरसीसीच्या संकेतस्थळावर स्वतःचं खातं उघडा. ईमेल आणि मोबाइल तुमचाच द्या, कुठल्या कार्यालयाचा नको. मुख्य फॉर्म आयएमएम १२९४ आणि कुटुंबाची माहिती आयएमएम ५६४५. फॉर्म, पत्र आणि कागद यांतल्या तारखा एकमेकांशी जुळल्या पाहिजेत. कधी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला असेल तर ‘हो’ लिहा. खोटी माहिती सापडली तर पाच वर्षं कॅनडाची दारं बंद होतात. अर्जाचं शुल्क १५० डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे ८५. कागद जास्त असतील तर विषयवार एकत्र पीडीएफ करा, पहिल्या पानावर अनुक्रमणिका द्या, स्कॅन सरळ आणि वाचता येईल असे ठेवा.

पैसे भरले की बायोमेट्रिक्सचं पत्र येतं. ठशांसाठी व्हीएफएस केंद्रात, म्हणजे व्हिसा अर्जांचं काम बघणाऱ्या कंपनीच्या केंद्रात, जावं लागतं. पुणे-मुंबईचाच विचार सगळे करतात, पण नांदेड, देगलूर, उदगीर भागाला हैदराबादचं केंद्र जवळ पडतं. वैद्यकीय तपासणी कॅनडाने नेमलेल्या पॅनल डॉक्टरकडेच होते, गावातल्या किंवा जिल्हा रुग्णालयातल्या प्रमाणपत्राचा उपयोग नाही. ही तपासणी अर्जाच्या आधीही करता येते. तेव्हा एकाच फेरीत दोन्ही कामं उरकता येतील अशी वेळ घ्या.

सप्टेंबरच्या सत्राला जायचं असेल तर आदल्या ऑक्टोबरपासून विद्यापीठांचे अर्ज, फेब्रुवारी-मार्चपर्यंत प्रवेश आणि कर्ज, आणि एप्रिल-मेमध्ये परमिटचा अर्ज असा बेत ठेवा. विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा, काढायलाही वेळ जातो, तो धरून चाला.

एजंटाबद्दल

पैसे घेऊन तुमच्या वतीने अर्ज करायचा अधिकार परवानाधारक इमिग्रेशन कन्सल्टंट, कॅनडातले वकील आणि परवानाधारक पॅरालीगल, आणि क्युबेकचे नोटरी यांनाच आहे. कन्सल्टंटचं नाव त्यांच्या नियामक संस्थेच्या सार्वजनिक यादीत तपासता येतं. असा कुणी असेल तर आयएमएम ५४७६ हा फॉर्म भरून त्याचं नाव अर्जात येतं. जो म्हणतो ‘माझं नाव कुठे लिहू नका, पासवर्ड माझ्याकडेच राहू द्या’, त्याच्याकडे मूळ कागद सोडू नका. अर्जातल्या प्रत्येक ओळीला तुम्हीच जबाबदार असता, सही कुणीही केलेली असली तरी.

उत्तर आल्यावर

मंजुरी आली तर पासपोर्ट मागवून त्यावर व्हिसाचा स्टिकर लावतात आणि एक परिचयपत्र मिळतं. हा स्टिकर म्हणजे परमिट नव्हे. परमिट कॅनडाच्या विमानतळावर उतरल्यावर छापून मिळतं. म्हणून प्रवेशपत्र, परिचयपत्र, जीआयसी आणि फीच्या पावत्या हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका.

नकार आला तर दुसऱ्याच दिवशी तीच फाइल पुन्हा पाठवू नका. जुलै २०२५ पासून नकारपत्रासोबत अधिकाऱ्याची टिपणंही द्यायला सुरुवात झाली आहे. ती आली नसतील तर माहितीचा अर्ज करून मागवा. टिपणात जो मुद्दा आहे, पैशाचा उगम म्हणा किंवा कोर्सचा मेळ, त्यावर नवा कागद हाती असेल तरच पुन्हा अर्ज करा. निर्णयच चुकीचा वाटत असेल तर तिथल्या फेडरल कोर्टात ६० दिवसांत दाद मागता येते, पण ते खर्चिक आहे आणि त्यासाठी तिथला वकील लागतो.

विमानतळावरच्या अधिकाऱ्याने परमिट हातात दिलं की खिडकीसमोरून हलण्याआधी नावाचं स्पेलिंग, शेवटची तारीख, संस्थेचं नाव आणि काम करण्याची परवानगी या चार गोष्टी वाचा. सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येतं. पण त्या कामासाठी लागणारा सोशल इन्शुरन्स नंबर काढायला परमिटवर ती ओळ छापलेली लागते. ओळ राहून गेली असेल तर तिथल्या तिथे विनंती करून दुरुस्त करून घ्या, बाहेर पडल्यावर त्याच दुरुस्तीला फार वेळ जातो.